तळेगावच्या पुढे मी बारा महिने मोडीत काढले त्याची हकीकत

वर्ध्याकडे जाऊन आलेल्या माणसाने काय लिहावं, हे आमच्या काळी ठरलेलं असे. सूत, प्रार्थना, सारवलेली जमीन आणि शेवटी लेखकाच्या मनाला लाभलेली शांती. माझ्या नातवंडांची समजूत आहे की आजीनेही तेच पाहिलं असणार. मी त्यातलं काहीएक पाहिलं नाही. एकोणीसशे पन्नासच्या दशकातल्या एका जानेवारीत मी त्या जिल्ह्यात गेले, तेव्हा मला शांतीला सवड नव्हती. मला समाज सुधारायचा होता आणि हाताशी आठच दिवस होते.

वय बावीस. पुण्याच्या एका महिला संस्थेने मला धाडलं होतं. काम असं, की खेड्यातल्या बायकांना समजवायचं: तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला नांदायला पाठवू नका, कोवळ्या अंगावर बाळंतपण लादू नका. अशा लग्नांविरुद्ध कायदा होता. पण तो बहुधा पुलगाव स्टेशनात उतरून, चहा पिऊन परत जात असावा. आत खेड्यांपर्यंत त्याची बैलबंडी पोचलेली दिसत नव्हती.

काम उत्तम होतं यात शंका नाही. करणारीबद्दल मात्र शंका घ्यायला भरपूर जागा होती. मी वयाने मोठी दिसावी म्हणून चष्मा लावत असे. त्या चष्म्याला नंबर नव्हता. केस चापून बसवलेले, खांद्याला शबनम, आणि चालणं असं की पुढे कुणीतरी ढोल वाजवतंय. आज ती मुलगी मला रस्त्यात भेटली, तर तिच्या पाठीत एक धपाटा घालायचा मोह मला आवरणार नाही. तसा तो तिला मिळालाच. कसा, तेच सांगायचं आहे.

पुलगावच्या पुढे

पुलगावला मोठी गाडी सोडून मी आर्वीच्या लहान गाडीत बसले. माझ्याबरोबर तक्त्यांची एक लांब पत्र्याची नळकांडी होती. समोरच्या बाईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"बाई, बंदूक हाय काय?"

"नाही हो. यात ज्ञान आहे," मी म्हणाले.

ज्ञान म्हटल्यावर ती लांब सरकून बसली. बंदुकीला सरकली नव्हती.

आर्वीहून तळेगावपर्यंत मोटार, आणि पुढे बंडी. बंडीबद्दल एवढंच सांगते, की त्या संध्याकाळी मी उभ्याने जेवले. पण वाटेवरचं काय काय दिसलं! कापसाची शेवटची वेचणी चालू होती. बायका कमरेला ओटे, म्हणजे कापूस साठवायच्या झोळ्या, बांधून ओळीने चालल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या पोटाशी पांढरा ढग. मधे तुरीचे पट्टे, लांबवर संत्र्यांच्या बागा. एकीने हाक मारून विचारलं, "कोनाच्या घरी व बाई?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "मी येतो सांजच्याले, पाहाले." तिकडे बायका 'मी येतो, मी जातो'च म्हणतात. मी लगेच वहीत टिपलं: 'स्त्रियांचे व्याकरण सुधारणे.' ती वही मी पुढे जाळली, पण तोवर तिच्यात बरंच काही लिहून झालं होतं.

गावाचं नाव सांगत नाही. त्या गावाच्या युक्त्या उघड्या पडाव्यात अशी माझी इच्छा नाही.

रुख्माबाईंच्या घरी

माझी सोय रुख्माबाईंकडे केली होती. घर शेतकऱ्याचं, बाहेर ओटा, मागे गोठा आणि कडब्याची गंजी. रुख्माबाईंचे यजमान इतके मवाळ, की होकार आणि नकार या दोन्हींना ते एकाच दिशेने मान हलवत.

पहिल्याच जेवणात ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी आणि लाल ठेचा. ठेचा चटणीसारखा घासभर घेतला आणि मला जी उचकी लागली ती पाऊण तास थांबेना. रुख्माबाईंनी गुळाचा खडा दिला. मी सांगितलं की आमच्या घरी आमटीतच गूळ असतो. त्यावर त्या कळवळून म्हणाल्या, "डायीत गूय? काऊन व? तुह्या मायले तिखट मियत नाई काय तिकडं?" पुण्याच्या स्वयंपाकाची एवढी कीव मी त्यापूर्वी ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शेतात नेऊन हुरडा खायला घातला. गरम, कोवळा, तिळाच्या चटणीबरोबर. मी इतका खाल्ला की माझं एक व्याख्यान रद्द करावं लागलं. गावाचं त्यामुळे काही नुकसान झालं नाही.

त्यांची थोरली मुलगी मैना. चौदा वर्षांची, बोराच्या झाडावर राहणारी. म्हणजे घरात राहायची, पण शोधायचं तर झाडावर. तिचं लग्न दहाव्या वर्षीच उरकलं होतं; नांदायला मात्र अजून गेली नव्हती. आल्या दिवशीच तिने माझा चष्मा काढून घेतला आणि घालून पाहिला.

"बाई, ह्यातून तं सारं तसंच दिसते. मंग लावता कायले?"

"तो विद्येचा भाग आहे."

"अस्सं," म्हणाली, आणि चष्मा घालून शेळ्यांवर ओरडून आली. शेळ्या वळल्या. "चालते बाप्पा विद्या," असं म्हणत तिने तो परत दिला.

मी रुख्माबाईंना हळूच विचारलं, मैनाला सासरी कधी पाठवणार? त्या चूल फुंकत राहिल्या. "धाडू नं. आता पूस हाय." पूस म्हणजे पौष.

"आणि पौष संपल्यावर?"

"माघात तिच्या मामाकडलं कार्य हाय. फागुनात शिमगा. मंग पाहू."

"नंतर?"

"नंतर जेठ लागते. जेठात थोरल्या लेकराचं काई करत नसतात. मंग आखाड हायेच."

मी वहीत लिहिलं: 'गाव अंधश्रद्धेत आकंठ बुडालेले आहे. येथे कामास वाव.'

तेवढ्यात भागामाय आली. ही गावची सुईण. वाळलेल्या तुरीच्या काटकीसारखी, पण डोळे असे की माणूस आपोआप पदर सावरतो. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"हे सांगन आमाले बायंतपन?"

"तुमचं काही प्रशिक्षण झालंय का, आजी?" मी गोड आवाजात विचारलं.

"बाई, ह्या गावातले सारे पगडीवाले मी पाय धरून उलटे लटकवले हायेत," भागामाय म्हणाली. "रडेपर्यंत सोडलं नाई एकालेही."

संक्रांतीची दुपार

संक्रांतीचं हळदीकुंकू मारुतीच्या देवळापुढे होतं, आणि त्यातच माझं व्याख्यान. एका बाजूला बायका, पलीकडे पारावर पुरुष. मी तक्ता टांगला: 'सुदृढ माता.' आमच्या चित्रकाराने ती खुर्चीत बसवली होती. नऊवारी, नथ, एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात पुस्तक.

"माय वं, हिच्या हातात पुस्तक, मंग भाकर कोन करून राह्यलं?"

"सासू करत असन."

"अशी सासू कोन्या गावी भेटते, ते तं इचार बाईले."

माझ्या पंचवीस मिनिटांच्या भाषणापैकी वीस मिनिटं त्या सासूच्या शोधात गेली. तरी मी हरले नाही, कारण पारावर एक नवा माणूस लक्ष देऊन ऐकत होता. उंच, मोठी पगडी, मिशा पांढऱ्या. हे शामरावजी, मैनाचे सासरे. सुनेसाठी संक्रांतीचं काळं लुगडं आणि हलव्याचे दागिने घेऊन, छपराची दमणी जुंपून आले होते. सुनेला न्यायला ते याआधी तीनदा येऊन रिकामे गेले होते, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, चला, एक तरी पुरुष जागा झाला.

भाषण संपताना ते उठले.

"बाई, एक इचारू काय?"

"अवश्य! मोकळ्या मनाने विचारा."

"पुसात सुनेले नेऊ नये म्हन्तात. खरं काय ते? तुमी पुन्याच्या, शिकलेल्या. पंचांगबी तुमच्याकडूनच येते."

समोर बसलेल्या भागामायला एकदम खोकला आला. मी तिला पाणी द्यायला सांगितलं आणि चष्मा सावरला. आयुष्यात अशी संधी पुन्हा कधी येणार!

"बंधूंनो," मी म्हणाले, "पौष महिन्यात काहीही वाईट नाही. सूर्य तोच, चंद्र तोच. पौष अशुभ ही शुद्ध भोळसट समजूत आहे."

शामरावजींचा चेहरा किंचित पडला. मी समजले, ज्ञानाचा प्रकाश पडला की आधी डोळे दिपतातच.

"बरं, पूस जाऊ द्या," ते म्हणाले. "आखाड तरी वाईट असन?"

"आषाढही तसाच. थोतांड!"

"जेठात थोरल्या लेकराचं..."

"अज्ञान!"

"पितरं तरी? पितरायच्या पंधरवड्यात कसं न्याव?"

"पितरांना तुमच्या दमणीचं काय पडलंय?" यावर पारावर हशा झाला आणि मी चढले.

"धोंड्याचा महिना?" आता त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"अधिक महिना ही तर ज्योतिष्यांनी स्वतःची केलेली सोय!"

आज आठवलं की स्पष्ट दिसतं. तो माणूस महिन्यामागून महिना माझ्यापुढे धरत होता, भीक मागावी तसा, आणि मी प्रत्येकावर कुऱ्हाड घालत होते. पाच मिनिटांत मी बाराही महिने मोडीत काढले. तेरावासुद्धा.

भागामायचा खोकला आता दम्यासारखा झाला होता. रुख्माबाई न राहवून म्हणाल्या, "पन उद्या कर हाय व माय! संक्रातीच्या दुसऱ्या दिवशी कोनी घराबाहीर निंगते काय?"

"करसुद्धा काही नसते, रुख्माबाई," मी हसून म्हणाले. "सगळे दिवस चांगलेच."

शामरावजींनी पगडी नीट बसवली. "चार लोकायसमोर बाईनं सांगतलं. आता मले बोलाले जागा नाई उरली. उद्या सकायी दमनी जुपतो. पोरीले तयार ठेवजा."

बायका हळदीकुंकवाची ताटं आवरू लागल्या. मी टाळ्यांची वाट पाहत उभी होते.

कडब्याच्या आड

भागामायने माझं मनगट धरलं आणि मला रुख्माबाईंच्या कडब्याच्या गंजीमागे नेलं. त्या काटकीत एवढं बळ असेल असं वाटलं नव्हतं.

"तू कोनाकडून हायेस व?"

"म्हणजे?"

"पोरीकडून, का पोरीले नेनाऱ्याकडून?"

"मी पोरींसाठीच तर आले आहे! माझं सगळं व्याख्यान..."

"चूल्ह्यात घाल तुह्यं याख्यान! आमी का येड्या हाव? पूस चांगला का वाईट, मले काय करा लागते? अवं, आमी कायदा सांगतला, तं म्हन्तात तुमी कोन सांगनाऱ्या. पोरगी मरन म्हटलं, तं म्हन्तात आमच्या मायनं नाई काय जनलं. पन 'पूस हाय' म्हटलं, का मोठमोठे मिशीवाले गप परततात. त्यायच्याच दोरानं त्यायचेच बैल बांधतो आमी."

मग तिने बोटांच्या पेरांवर मला सगळं सांगितलं. गावातल्या बायकांचं ठरलं होतं: पोरीने सतरा कापूस, म्हणजे सतरा वर्षं, पाहिल्याशिवाय तिला गावाची शीव ओलांडू द्यायची नाही. लग्न थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. पाठवणी लांबवणं होतं. मग कुठला इवाई, म्हणजे व्याही, कोणत्या महिन्यात आला की कुणी काय सांगायचं, हे घरोघरी पाठ. पूस, जेठ, आखाड, पितरं, धोंडा. आणि जे महिने नुसते चांगलेच आहेत त्यांना मामाकडलं कार्य, देवीचा नवस, आजीचं दुखणं. एकीच्या आजीला तर मरून सात वर्षं झाली होती, तरी ती दर वैशाखात आजारी पडे.

मी अंधश्रद्धा म्हणून वहीत टिपत होते ती ही बायकांची तटबंदी. आणि मी तिचा दरवाजा आतून उघडून दिला होता, वर भाषण करून.

"हे कुणी सुरू केलं?" मी कसंबसं विचारलं.

भागामाय कडब्याची एक काडी मोडत राहिली. "रुख्माची धाकटी बहीन होती, शेवंती. तेराव्या सालात नेली. चवदाव्यात बंडीत घालून माह्या दारी आनली. दोन दिवस मी होतो तिच्यापाशी."  ती काडीचे तुकडे करत गेली, एकापेक्षा एक लहान. "लेकरूही नाई अन् पोरगीही नाई. तवापासून हे महिने मांडले म्या."

माझ्या डोळ्यांवर चष्मा होता तो मी काढला. नाहीतरी त्याचा काही उपयोग नव्हता.

"आता काय करायचं?"

"मोडलं तूनं. आता शिवजो तूच."

करीचा दिवस

सकाळी दमणी दारात उभी. मैना बोराच्या शेंड्यावर. तिचे वडील झाडाखाली उभे राहून मान हलवत होते. ती हो की नाही, ते झाडालाही कळत नव्हतं.

"उतर व मैना!"

"सारे महिने चांगले झाले काय, का एखादा उरला?" वरून आवाज आला. मी मान खाली घातली. थट्टेत बोलली होती, पण फांदी धरलेले हात पांढरे पडले होते.

मी आधी माझ्या पद्धतीने प्रयत्न करून पाहिला. शामरावजींना ओट्यावर बसवून तक्ता उलगडला, शरीराची वाढ, हाडांची वाढ, कायदा, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "चित्र चांगलं हाय." बैलांना पाणी पाजायला उठले.

तेव्हा भागामाय पुढे झाली. तिच्यामागे निम्मं गाव. कर असल्याने कुणाला काम नव्हतं.

"इवाई, थांबा जरासे. ह्या बाईच्या भरवशावर पोरगी नेता नं? मंग ही बाई कोन हाय ते तं पाहा." तिने मला अंगणाच्या मधोमध उभं केलं, बाजारात म्हैस उभी करतात तसं. "वय काय व तुह्यं?"

"बावीस."

"लगन?"

"झालं नाही."

गर्दीतून असा हळहळीचा सूर निघाला, की मला स्वतःबद्दल वाईट वाटलं.

"बावीस कापूस, अन् कपाय मोकयं!" भागामाय म्हणाली. "कोन्त्या महिन्यात जन्मली?"

माझा जन्म श्रावणातला. भागामायचे डोळे माझ्यावर रोखलेले. "पौषात," मी म्हणाले.

"अन् पूस मानला काय घरच्यायनं?"

"नाही."

"सांग मंग, काय झालं ते! लाजू नको."

आता मी सुधारक बाई, काल याच गावात सूर्य-चंद्रांची साक्ष काढलेली. पण शेंड्यावर मैना बसली होती. मी तोंड उघडलं आणि सुरू झाले. पौष मानला नाही म्हणून आमचं घर कसं खाली आलं, वडिलांना सांधेदुखी कशी लागली, मी शिकत कशी गेले (यावर पुन्हा हळहळ), आणि गेल्याच महिन्यात एका चांगल्या मुलाने कसा नकार कळवला. यातलं शेवटचं तेवढं खरं होतं. सदाशिव पेठेतल्या त्या मुलाने मला 'फार बोलते' म्हणून नाकारलं होतं, आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही असं मी महिनाभर सगळ्यांना सांगत होते. ते अंगणात, पन्नास माणसांसमोर, एकदम वाटलं. मी हुंदके देऊन रडू लागले.

नाटक भागामायने डोळ्यांनीच ठरवलं होतं. हे पाणी ठरलेलं नव्हतं. भागामायसुद्धा गडबडली. बायकांनी मला घेरलं. "रडू नको व माय," एक जण पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "माह्या दिराची बायको गेली मागच्या साली. दोनच लेकरं हायेत. जमीन चांगली हाय."

शामरावजी सगळं बघत होते. मिशीचं एक टोक हललं की मला भास झाला, सांगता येत नाही. सगळं अंगण त्यांच्याकडे पाहू लागलं.

"हे तं लय वाईट झालं," ते सावकाश म्हणाले. "मंग बाईनं काल सांगतलं ते खोटं?"

"खोटं," मी नाक पुसत म्हणाले.

"पक्कं?"

"पौषासारखा वाईट महिना नाही."

"मंग कागदावर लिहून द्या. सही करा."

माणसं थोडी पांगली. ते माझ्याजवळ ओट्यावर बसले. मी संस्थेच्या नावाचा कागद काढला, ज्यावर वरच ठळक छापलं होतं, 'ज्ञानाकडे चला'. त्याखाली मी लिहिलं की पौषात सून नेणे घरास घातक असते. सही केली.

"शिक्शन लिहा."

मी 'बी.ए.' लिहिलं.

"मोठं लिहा." मी गिरवलं. "आता आखाडाचं लिहा."

"आषाढ? पण तो तर अजून..."

"लिहा. जेठाचंही. पितरं, धोंडा, सारंच." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, काल मी तुमाले किती डाव इचारलं? एका डावाले तरी 'हाव, वाईट हाय' म्हना लागत होतं नं!"

माझी लेखणी थांबली.

"घरी माय हाय, भाऊ हायेत. दर डावाले रिकामी दमनी पाहून हासतात. म्हन्तात, इवायानं तुले पूस दाखवला, आखाड दाखवला, तू का येडा हायेस? मले वाटलं, पुन्याची बाई चार लोकायत सांगन, का महिना वाईट हाय. मंग मी घरी जाऊन सांगीन, बाईनंच सांगतलं. तुमी तं सारेच महिने साफ केले!"

"पण तुम्ही कर्ते. सरळ 'इतक्यात आणत नाही' असं का म्हणत नाही?"

ते बैलांकडे पाहत म्हणाले, "थोरली सून चवदाची होती तवाच म्हना लागत होतं. मायेसमोर तोंड नाई उघडलं. बाप्या मानसानं असल्या गोष्टीत कसं बोलाव, म्हून लाजलो. लेकरासाठी पायना आनला होता घरी. तसाच आढ्याखाली पडला हाय, न बांधलेला." पाळण्याचं एवढंच सांगून ते म्हणाले, "तोंडानं नाई जमत. कागदानं बोलतो. लिहा बाई."

मी लिहीत गेले. बरे महिनेही सोडले नाहीत. माघात वाऱ्याची दिशा वाईट, फाल्गुनात होळीचा धूर सुनेच्या पदराला लागू नये, चैत्रात देवीचा कोप. कार्तिकासाठी काही सुचेना, तर शामरावजींनीच सुचवलं, "थंडीचे बैल ठेचकायतात, लिहा." तीन पानं झाली. माझ्या आयुष्यात मी इतकं निखालस खोटं एकटाकी कधी लिहिलं नाही, आणि इतक्या मनापासूनही नाही.

त्यांनी कागद पगडीत खोचला. मग मोठ्याने, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडले, "काय बाप्पा तुमचं गाव! नेहमी येतो अन् नेहमी रिकामा जातो!" आणि दमणी एकटीच निघाली. ती शिवेपार झाल्यावर मैना खाली उतरली आणि आधी हलव्याच्या दागिन्यांतला एक मोती खाल्ला.

पुण्यास परत

आमच्या संस्थेच्या अध्यक्षीणबाईंनी बैठकीत विचारलं, "त्या गावातल्या अंधश्रद्धा किती दूर केल्यात?"

"एकही नाही," मी म्हणाले. "उलट चार-पाच नव्या बसवून आले." मला पुढे तीन महिने कपाटं पुसायचं काम मिळालं.

दिवाळीच्या सुमारास शामरावजींचं पोस्टकार्ड आलं, त्यांच्या गावच्या गुरुजींकडून लिहून घेतलेलं: 'बाई, कागद फाटला. नवा धाडावा. घरचे थोडे हलून राह्यले, जरा जोर लावून लिहावे.' मी जोर लावला. पुढच्या दिवाळीला पुन्हा कार्ड, पुन्हा कागद. तिसऱ्या वर्षी मी ग्रहण घातलं, धूमकेतू घातला, आणि सहीखाली आणखी एक पदवी घातली, जी तोवर मला मिळालेली नव्हती.

चौथ्या दिवाळीला कार्ड आलं नाही. मी पोस्टमनला रोज अडवू लागले. आर्वीकडचा कुणी भेटला की विचारायची. पगडीतला कागद कुणाच्या हाती लागला, की म्हातारीने चुलीत घातला, की त्यांनाच काही झालं? बोराचा शेंडा आणि त्यावरचे ते पांढरे पडलेले हात डोळ्यांपुढे येत.

फाल्गुनात शेवटी कार्ड आलं. भागामायचं. अक्षर तिकडच्या शाळेतल्या गुरुजींचं, पण बाकी सगळं तिचंच:

'मैना गेली. अठरावा कापूस स्वताच्या हातानं वेचून गेली, सासऱ्याच्या दमनीत पुढं बसून. पुसातच नेली. मी म्हटलं, इवाई, पूस हाय. तं म्हने, भागामाय, तुह्या दोरानं मी बांधलो नव्हतो, बैल तवाच मोकये होते. पोरगी धड हाय, कायजी करू नको. तुह्यं लगन झालं काय? नसन झालं तं कोनता महिना पाह्यत बसली हायेस?'